गोड्या पाण्याचं पिंप

१

दांडी गावच्या किनाऱ्यावर बांधलेल्या नव्या ओट्याची पहिली तपासणी केली ती एका कोंबडीने.

बुधवारी ओटा भरला. गुरुवारी सकाळी प्रेमलाबाईची तांबडी कोंबडी ऐटीत त्याच्यावर चढली आणि या टोकापासून त्या टोकाकडे निघाली. अर्ध्या ओट्यावर तिची नखंसुद्धा उमटली नाहीत. पुढच्या अर्ध्यात मात्र तिचे पाय असे रुतले, की पंख फडफडवत, गाव डोक्यावर घेत तिला पळ काढावा लागला. प्रेमलाबाईने बोट घालून पाहिलं. बोट सरळ आत गेलं! आदल्या दुपारी ओतलेलं काँक्रीट, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी भिजवलेल्या पिठासारखं मऊ. शुक्रवारीही तेच.

आता हा काही साधासुधा ओटा नव्हता बरं का. दांडीच्या बायका जवळा सुकवतात तो वाळूवर. जवळ्यात वाळू येते, आणि दाताखाली कचकच लागली की गिऱ्हाईक पुन्हा त्या टोपलीकडे फिरकत नाही. म्हणून बायकांच्या सोसायटीने ओटा मागितला. बोईसरच्या एका कंपनीने तो फुकट बांधून द्यायचं कबूल केलं, कारण तिला आपलं नवं औषध खाऱ्या वाऱ्यात पारखून घ्यायचं होतं. औषध म्हणजे सिलिकाचे कण. वाळूत असतो तोच सिलिका, पण इतका बारीक, की केसाच्या जाडीत हे कण हजारोंनी शेजारी शेजारी बसावेत. पाण्यात कालवले की पांढरंशुभ्र दिसतं, म्हणून कामगार त्याला 'दूध' म्हणायचे. हे दूध सिमेंटमध्ये पडलं की सिमेंट लवकर आवळतं, आतली बारीक भोकं बुजतात, खारं पाणी शिरत नाही. निदान धीरज तसं म्हणायचा.

धीरज म्हणजे ते दूध तयार करणारा तरुण शास्त्रज्ञ. चार वर्षं त्याने त्या एका गोष्टीपायी लग्नकार्य, सणवार सगळं बाजूला ठेवलं होतं. आणि कंपनीचे मालक धर्मेशभाई आता काय म्हणत होते? "सोमवारी सकाळी ब्रेकर लावा, ओटा फोडा. औषध बंद. आणि त्या धीरजलाही नारळ द्या."

मग कुणीतरी हळूच सुचवलं, की नारळ द्यायच्या आधी एकदा चारुताबाईंना बोलवा.

२

चारुता सावेला बोईसरमध्ये सगळे सिमेंटची डॉक्टर म्हणत. भिंत तडकली, स्लॅब गळला, टाकी फुटली, की बोलवा चारुताबाईंना. बाई यायच्या, हातोडीने ठोकायच्या, वास घ्यायच्या, चार प्रश्न विचारायच्या आणि दोष कुणाचा ते सांगून मोकळ्या व्हायच्या. त्यामुळे त्यांना मान भरपूर होता आणि घरी चहाला कुणी बोलवत नसे. दोष काढणाऱ्या माणसाला कोण हौसेने बोलावणार?

पन्नाशी उलटली होती. आई होती तोवर घरात निदान भांडायला कुणीतरी होतं. आता संध्याकाळी परत आल्यावर ती दोन्ही खोल्यांमधले दिवे लावायची, म्हणजे खालून बघणाऱ्याला वाटावं, घरात माणसं आहेत. या गोष्टीचं तिचं तिलाच हसू यायचं, पण दिवे ती लावायचीच.

शुक्रवारी दुपारी ती कंपनीच्या प्रयोगशाळेत पोचली. धीरजचा चेहरा उतरला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मॅडम, चूक माझी असेल तर मी आजच राजीनामा देतो," तो म्हणाला. "पण चूक सापडत नाही हो! बुधवारी दांडीला गेलेल्या कॅनमधलंच औषध मी इथे मागे ठेवलं होतं. त्याच गोणीतलं सिमेंट. इथे ठोकळे पाडले. हे बघा."

त्याने एक ठोकळा उचलला, बोटाच्या पेराने त्यावर दोनदा टकटक केलं आणि कान लावला. मग तिच्यापुढे धरला. ठोकळा खणखणीत वाजत होता.

"औषध जास्त पडलं असेल? गाठी झाल्या असतील?"

"गाठी झाल्या तर कुठे कडक, कुठे कच्चं होतं. इथे मधोमध सुरीने कापल्यासारखी रेघ आहे. दुपारच्या जेवणाआधी भरलेलं सगळं पक्कं, जेवणानंतरचं सगळं कच्चं."

"जेवणानंतर काय बदललं?"

"काहीच नाही. तेच कॅन, तीच खडी, तीच माणसं."

पलीकडच्या टेबलावर केतन बिस्किटं खात बसला होता. तो धीरजचाच जोडीदार. त्याचंही एक औषध होतं, बरोबर उलट कामाचं. उन्हाळ्यात काँक्रीट फार लवकर आवळू नये म्हणून त्याला थोपवून धरणारं. धीरजचं दूध आल्यावर केतनचं औषध कपाटात गेलं आणि तिथेच राहिलं.

"कपाट बघू?" चारुताने विचारलं.

"बघा की," केतन खांदे उडवत म्हणाला. "मला माहितीये तुम्ही काय विचार करताय. सगळी कंपनी तोच करतेय."

कपाटात वरच्या फळीवर एक डबा झाकणाविना पडला होता. कडेने ओघळलेला चिकट पाक फळीवर तसाच वाळला होता. खालच्या फळीवर केतनचा बिस्किटांचा दुसरा पुडा, आणि त्याला मुंग्यांची ही भलीमोठी रांग लागलेली.

"आणखी एक डबा होता ना इथे?" चारुता म्हणाली. फळीवरच्या धुळीत दुसरा गोल स्वच्छ दिसत होता.

केतनच्या हातातलं बिस्कीट तोंडापाशी थांबलं. "होता," तो म्हणाला. "कुठे गेला ते मला माहीत नाही."

३

शनिवारी सकाळी चारुता रिक्षाने दांडीला आली. ओट्याच्या कडेला तिने पायताण काढलं आणि रेघ ओलांडून बोट दाबलं. मऊ होतं, पण अगदीच लोणी नव्हतं. जिथे काँक्रीट कालवलं होतं त्या जागेकडे तिने नजर टाकली. एक निळं प्लास्टिकचं पिंप तिथे रिकामं पडलं होतं.

"ता आमचाच पिंप हाय!" मागून आवाज आला. प्रेमलाबाई, सोसायटीची अध्यक्ष, कमरेला पदर खोचून उभी होती. "आणि आता सगला आळ आमच्यावर घालतंय तो तुमचा शेठ. बोलतो, कोळणींनी खारं पानी भरलं. आमी काय येड्या हाव? आमचाच ओटा, आमीच खराब करू?"

"पिंपात आधी काय होतं?"

"मिठातली मच्छी. पन घासून घासून धुतला, माझ्या हाताने. सकाळी टँकरच्या पाईपाने काम झालं. मग टँकरवाला गेला निघून, तवा हा पिंप भरून ठेवलेला कामाला आला. आणि मी चाखलं ना! जेवून आले तवा ओंजळभर घेऊन चाखलं. गोडं पानी होतं, बाय. गोडंच गोडं. मिठाचा टिपूस नाय."

चारुताने मान डोलावली. खाऱ्या पाण्याचा संशय तिला मुळातच नव्हता. मिठाने सिमेंट पुढे नासतं, आतलं लोखंड गंजतं, हे खरं. पण आवळतं मात्र ते उलट लवकर. इथे तर कुणीतरी सिमेंटला झोपवलं होतं. मग केतनचा तो हरवलेला डबा? बुधवारी केतन दांडीला आलाच नव्हता. पण डबा काय, कुणाच्याही पिशवीतून येऊ शकतो.

"जेवणाच्या वेळी पिंपापाशी कोण होतं?"

"कोन असणार? आमचा शांताराम होता राखणीला. तो नाय हलत कुठे." प्रेमलाबाईचा पारा जरा उतरला. चारुताला वरखाली न्याहाळत तिने टोपलीतला जवळा कागदावर घेतला. "घरात किती मानसं?"

"एक," चारुता म्हणाली.

"म्हंजे तूच?"

"मीच."

प्रेमलाबाईने एक मूठ जवळा बांधला आणि पुढे काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं चारुताला उगीचच वाटून गेलं.

पुडी पिशवीत टाकायला ती वाकली, आणि तेव्हा तिला पिंपाचा तळ दिसला. तळाशी वाळलेल्या पाण्याचा तपकिरी डाग होता, आणि त्या डागावर मुंग्याच मुंग्या. काळ्या, शिस्तीत चाललेल्या, जणू जत्रेला निघाल्यात.

४

शांताराम सुरूच्या झाडाखाली बसला होता. सत्तरीचा, काटकुळा. बोटांची टोकं पांढरट, चिरलेली. चारुता आली तसा उठून उभा राहिला.

"बसा हो बाबा."

"बसतो ना. तुमी पन बसा. वारा हाय इथे."

दोघं बसले. तेवढ्यात कंपनीची गाडी आली आणि धीरज उतरला. म्हातारा पुन्हा उठला. धीरज ओट्यापाशी गेला, वाकला, परत फिरला. म्हाताऱ्याच्या अंगावरून गेला पण मान काही वर केली नाही. तो गाडीत बसेपर्यंत म्हातारा उभाच होता. साहेबलोकांना मान द्यायची सवय, चारुताने मनात म्हटलं.

"बुधवारी जेवणाच्या वेळी इथे कुणी परकं माणूस आलं होतं?"

"कोनी नाय."

"पिंपाला हात कुणी लावला?"

"परक्याने कोनी नाय," शांताराम म्हणाला. मग त्याने ओट्याकडे बघितलं आणि अगदी कळवळून बोलला, "बाय, तुमचं ऐकतील ते लोक. त्यांना सांगा, फोडू नका. घाई करतात सगले. मुरू द्या त्याला. मुरलं नाय अजून."

"मुरेल, मुरेल," चारुता त्याची समजूत घालायला म्हणाली.

निघताना तिच्या पायाला काहीतरी लागलं. लाकडासारखं टणक, गोल, अर्धं फुटलेलं फळ. आतला गर खरवडून काढलेला. बेलफळ! जवळच महादेवाचं देऊळ होतं. कुणीतरी काम सुरू होताना पूजा घातली असेल, असं तिने ठरवून टाकलं आणि फळ पायानेच बाजूला सारलं.

रिक्षात बसल्यावर धर्मेशभाईंचा फोन आला. "चारुताबेन, केतनचा डबा मिळाला. ठाऊक आहे कुठे? धीरजच्या टेबलाच्या खणात! अरे, स्वतःच घोटाळा केला त्याने. चुकून उलटं औषध नेलं आणि आता लपवतोय. तुमचं काम संपलं. सोमवारी ब्रेकर."

५

काम संपलं म्हटलं की चारुताचं डोकं जास्तच चालायचं.

घरी येऊन तिने चहा टाकला. डबा धीरजच्या खणात सापडला म्हणून काय झालं? रिक्षातूनच तिने धीरजला फोन केला तेव्हा त्याने लपवाछपवी न करता सांगितलं होतं, की दोन्ही औषधं एकमेकांशी कशी वागतात ते बघायला डबा मागेच घेतला होता. केतनला सांगायचं राहिलं. खोटं बोलणारा माणूस जरा बरं कारण शोधतो.

शिवाय ती मुंग्यांची रांग! केतनचं औषध फळीवर महिनोन्‌महिने ओघळून पडलंय. हाताच्या अंतरावर बिस्किटांवर मुंग्या तुटून पडल्या, पण त्या पाकाला एकही शिवली नाही. आणि पिंपाच्या तळाला मात्र जत्रा. म्हणजे पिंपात केतनचं औषध नव्हतंच. मुंग्यांना आवडणारं काहीतरी होतं.

चहात घालायला तिने गुळाचा डबा उघडला आणि हात तसाच राहिला.

'गोडं पानी होतं, बाय. गोडंच गोडं.'

अगं बाई! किनाऱ्यावरची माणसं पिण्याच्या पाण्याला गोडं पाणी म्हणतात. खारं नाही ते गोडं. प्रेमलाबाईने तसं म्हटलं आणि चारुताने तसंच ऐकलं. पण बाईने पाणी खरोखर चाखलं होतं, आणि ते खरोखरच गोड होतं! सिमेंटच्या गोणीमागे मूठभर साखर किंवा गूळ पाण्यातून गेला, की ते दिवसेंदिवस आवळायचं नाव घेत नाही. हे तर ती नवशिक्या इंजिनिअरांना पहिल्याच दिवशी सांगायची.

म्हणजे कुणीतरी मुद्दाम घातलं. ठीक. पण ज्याला ओटा बिघडवायचा तो साखर ओतेल आणि चालता होईल. बेलफळाचा गर कशाला खरवडत बसेल?

गूळ आणि बेल. गूळ आणि बेल कशात घालतात?

चहा उतू गेला. ती गॅस बंद करायलाही जागची हलली नाही. तारापूरच्या किल्ल्याची डागडुजी बघायला ती एकदा गेली होती. तिथे जुने कारागीर चुन्यात गुळाचं पाणी आणि बेलाचा गर घालत होते. चुना त्यामुळे चिवट होतो, शेकडो वर्षं टिकतो. आणि कालवलेला चुना ते दिवसच्या दिवस ठेवून देत. विचारलं तर म्हणत, मुरतोय.

सिमेंट आवळतं, पकडतं, सेट होतं. सिमेंटच्या माणसाने त्याला मुरताना कधी पाहिलेलं नसतं. मुरतो तो चुना.

"परक्याने कोनी नाय," असं म्हातारा म्हणाला होता. त्याने एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. त्याची ती पांढरट, चिरलेली बोटं चुन्याने खाल्लेली होती, आणि ओटा मजबूत व्हावा म्हणूनच त्याने हे केलं होतं. चारुताला एकदम रडू आलं. गुन्हेगार सापडल्यावर तिला आजवर कधी रडू आलं नव्हतं.

६

रविवारी सकाळी ती शांतारामच्या घरी गेली. कुडाच्या भिंती, दारात बेलाचं झाड. आत एक खाट, एक चूल, एक ताटली. भिंतीवर बायकोचा हार घातलेला फोटो, आणि त्याच्या शेजारी पदवीचा झगा घातलेल्या धीरजचा.

चारुता त्या फोटोकडे बघतच राहिली. मग तिला आठवलं. ठोकळ्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक, आणि मग कान. चुन्याचा गिलावा तपासणारे गवंडी असंच करतात. पोराने ते कुठल्या पुस्तकातून उचललेलं नव्हतं.

"तुमचा मुलगा?"

"एकुलता," शांताराम म्हणाला. "बोलत नाय माझ्याशी. त्याची आई गेली तवा तो बोलला, बोईसरला चल. मी नाय बोललो. तिने लावलेलं झाड टाकून कुठे जाऊ? जरा जास्तच बोललो मी. तो पन बोलला. दोन वर्सं झाली. मंग समजलं, तो हितं ओटा बांधायला येनार. प्रेमलाला बोललो, मला राखणीला ठेव गो. निदान दिसेल तरी."

"बाबा, पिंपात गूळ तुम्ही घातलात?"

चारुताला वाटलं होतं, तो खाली बघेल, नाकारेल. म्हाताऱ्याचा चेहरा तर उजळला!

"मंग! आख्खी ढेप घातली. रातभर भिजवून, हितं आणून बेलाचा गर घालून, फडक्यातून गाळून. त्याच्या आईच्याच झाडाचा बेल. आदल्या दिवशी तो शेठ त्याला बोलला ना सगल्यांसमोर, ओटा फसला तर तुझी नोकरी गेली. मी ऐकलं. आणि पोरगा कामगारांना सांगत होता, आपले कन डोल्याला दिसत पन नाय. मी बोललो, जे डोल्याला दिसत नाय ता काय धरून ठेवनार? ती सगली जेवायला गेली तवा वतलं पिंपात. आता बघा तुमी, मुरलं की कसा होतो तो. लोखंड होईल, लोखंड!"

त्याला काहीही कळलेलं नव्हतं. औषधाने दगा दिला आणि आपला गूळ आता पोराला तारणार, अशा भरवशावर तो तीन दिवस सुरूच्या झाडाखाली बसला होता.

खोटं बोलावं का? क्षणभर चारुताच्या मनात आलं. पण मग धीरजचं काय? तिने खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. चुन्याला गूळ मानवतो, सिमेंटला मानवत नाही. सकाळचा अर्धा ओटा पक्का आहे तो धीरजच्या दुधाने, आणि दुपारचा कच्चा आहे तो गुळाने.

शांताराम चुलीकडे वळला.

"म्हंजे पोराचं बरोबर होतं," तो म्हणाला.

"बरोबर होतं."

"आणि मी त्याच्या पोटावर पाय दिला." त्याने चारुतापुढे हात जोडले. "बाय, त्याला सांगू नका. पाया पडतो. दोन वर्सांनी माझं नाव निघायचं, ते असं निघायला नको."

"नाही सांगितलं तर उद्या त्याला काढतील, बाबा."

चारुता उठली. बाहेर येऊन तिने मागे पाहिलं तर तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. बोलणार कोण, ती की तो, हे तिचं तिलाही ठरवता येईना.

७

सोमवारी सकाळी ब्रेकर आला. धर्मेशभाई आले, केतन आला, बायका टोपल्या खाली ठेवून जमल्या. धीरज ओट्याच्या कडेला हात बांधून उभा होता, आपल्याच तेराव्याला आल्यासारखा.

"थांबा," चारुता म्हणाली. "दोष औषधात नाही. दोष पाण्यात होता. पिंपातल्या पाण्यात गूळ होता."

एकच गलका झाला. धर्मेशभाई केतनकडे वळले, केतन प्रेमलाबाईकडे. प्रेमलाबाईने कमरेवर हात ठेवले. "गूल? म्हंजे मी चाखलं ता... अगो माझ्या बाय!"

"कुणी घातला?" धर्मेशभाई गरजले. "नाव सांगा. पोलिसात देतो."

चारुताने तोंड उघडलं. पण शब्द यायच्या आतच सुरूच्या झाडाखालून शांताराम चालत आला आणि ब्रेकरच्या समोर उभा राहिला.

"मी घातला," तो म्हणाला. "मी याचा बाप. चुन्यात घालतात तसा घातला. मजबूत व्हावा म्हनून. पोराची काय चूक नाय. त्याचं औषद सोन्यासारखं हाय, अर्धा ओटा बघा ना तुमी. बिघडवलं ता मी. मला द्या पोलिसात."

सगळे धीरजकडे बघू लागले. इतके दिवस ज्याच्या अंगावरून तो मान खाली घालून जात होता, त्या म्हाताऱ्याकडे धीरज आता टक लावून बघत होता. रागावेल, ओरडेल, असं चारुताला वाटलं.

"बेल घातलास?" धीरजने विचारलं.

"घातला."

"आईच्या झाडाचा?"

शांतारामने नुसती मान हलवली. धीरज ओट्यावर गुडघे टेकून बसला. कच्च्या भागावर त्याने बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि वाकून कान लावला. मग पुन्हा केलं. मग बापाकडे बघून म्हणाला, "बाबा, ये. ऐक."

म्हातारा त्याच्या शेजारी खाली बसला. त्यानेही ठोकलं, त्यानेही कान लावला.

"मुरतंय," तो म्हणाला.

"गुळाने सिमेंट मरत नाही, धर्मेशभाई, झोपतं," चारुता म्हणाली. "याच्या औषधाने त्याला उठवायला घेतलंय. शुक्रवारी म्हणे बोट जात होतं, आज नख जात नाही. तुम्हाला खाऱ्या वाऱ्यातली परीक्षा हवी होती ना? त्याहून कठीण परीक्षा फुकटात झालीय. आठवडाभर ओली गोणपाटं घालून ठेवा, मग तुकडा काढून माझ्याकडे पाठवा. कच्चा निघाला तर खुशाल फोडा."

धर्मेशभाईंनी ओट्यावर बुटाची टाच दाबून पाहिली. ठसा उठला नाही. तेव्हा त्यांनी ब्रेकरवाल्याला हातानेच परत जायला सांगितलं. नारळाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

"पण पाणी मारायला कोण थांबणार?" केतनने विचारलं. "दिवसातून चार वेळा तरी लागेल."

"मी," शांताराम आणि धीरज एकदमच म्हणाले.

धीरज त्या रात्री बोईसरला परत गेला नाही.

८

आठवड्याने आलेला तुकडा खणखणीत निघाला. तो अहवाल चारुताला फोनवरून पाठवता आला असता. पण ती स्वतः रिक्षा करून दांडीला गेली.

ओट्यावर गुलाबीसर जवळा पसरला होता. वाळूचा एक कण नाही. एका कोपऱ्यात कोंबडीचे पंजे मात्र कायमचे उमटून राहिले होते. प्रेमलाबाईने ते बुजवू दिले नाहीत. पलीकडे बापलेक एकाच डब्यातून जेवत होते आणि चुन्यात बेल किती घालायचा यावरून मोठमोठ्याने भांडत होते. आता ओट्याला पाणी मारायची गरज उरली नव्हती, पण धीरजची मोटारसायकल कुडाच्या घरापाशीच उभी होती. चारुताने त्यांना हाक मारली नाही. लांबूनच बघितलं आणि वळली.

"काय गो, तशीच चाललीस?" प्रेमलाबाईने तिचा हात धरला. या खेपेला तिने घरात किती माणसं ते विचारलं नाही. कागदावर एक मूठ जवळा घातला, मग दुसरी घातली, मग थोडा विचार करून तिसरी.

"अहो, एवढं कोण खाणार? मी एकटी!"

"एक मूठ तुझी. बाकी कोनी आलं तर," प्रेमलाबाई पुडी बांधत म्हणाली. "मीच येनार हाय बुधवारी बोईसरच्या बाजाराला. चहा कर. गूल घालून कर."

परतीच्या वाटेवर रिक्षावाल्याने नाक दाबलं. आरशातून मागे बघत तो वैतागून म्हणाला, "क्या लाये हो मॅडम, इतना सारा?"

चारुताने पुडी मांडीवर घट्ट धरली.

"मेहमान आनेवाले हैं," ती म्हणाली.